दुधाची वही आणि संगणकाची आज्ञावली

संगणकासाठी आज्ञावली लिहिणे हे गणिताच्या किंवा विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे काम. कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्या वाटेला जाऊ नये, असा एक समज आपल्याकडे चांगलाच रुजला आहे. या समजाला काहीच आधार नाही असे म्हणता येणार नाही. ग्रहांचे भ्रमण मोजणाऱ्या किंवा पुलाचा भार तपासणाऱ्या आज्ञावलीला गणित लागतेच. परंतु दुकानात, पतसंस्थेत, ग्रंथालयात, दूध संकलन केंद्रावर टेबलावरच्या संगणकात ज्या आज्ञावली रोज चालतात, त्यांतले गणित बहुधा सातवी-आठवीच्या पुढे जात नाही. तेथे खरी अडचण वर्णनाची असते. काम कोण करतो, कोणत्या क्रमाने करतो, कोठे अडतो, कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरतो, हे नेमके लिहिता आले म्हणजे अर्धी आज्ञावली झाली, असे म्हणावयास हरकत नाही. आणि नेमके वर्णन करणे हा तर भाषेच्या, इतिहासाच्या व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा रोजचा अभ्यास होय.

प्रस्तुत लेखात अशी एक आज्ञावली कशी रचावी व ती रचता रचता काय काय शिकावे लागते, याचा विचार करावयाचा आहे. उदाहरण कोल्हार परिसरात कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही असेच घेतले आहे. ते म्हणजे दूध संकलन केंद्राची वही. प्रवरेच्या दोन्ही काठांवर उसाचे पैसे वर्षातून मोजक्या वेळा हाती येतात. घरखर्चाला आधार असतो तो दहा दिवसांनी मिळणाऱ्या दुधाच्या पगाराचा. त्या वहीतील एका रकान्याची चूक म्हणजे कोणाच्या तरी किराण्याची चूक.

प्रथम आपण कोणत्या प्रकारच्या आज्ञावलीविषयी बोलत आहोत ते स्पष्ट केले पाहिजे. आज बहुतेक मंडळी मोबाईलवरच सारे व्यवहार करतात, आणि पुष्कळशा आज्ञावली दूर कोठेतरी असलेल्या यंत्रावर चालून आपल्याला फक्त त्यांचे दर्शन घडते. टेबलावरच्या संगणकाची आज्ञावली यापेक्षा निराळी. ती त्याच यंत्रात राहते, तिची माहिती त्याच यंत्रात साठते, आणि बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला तरी तिचे काम थांबत नाही. पहाटे सहाच्या सुमारास केंद्रासमोर कॅन घेऊन पंधरा-वीस माणसे उभी असतात, आणि त्याच वेळी नेटवर्क गेले म्हणून कोणाला थांबा म्हणता येत नाही. दूध थांबत नाही. या एका कारणासाठी तरी असल्या आज्ञावलीचे दिवस संपलेले नाहीत.

या आज्ञावलींचा इतिहास फार लांबवण्याचे कारण नाही, पण त्यातील एक वळण विद्यार्थ्याने समजून घेतलेच पाहिजे. आरंभीच्या आज्ञावली तोंडी परीक्षेसारख्या होत्या. संगणक एक प्रश्न विचारणार, आपण उत्तर द्यावयाचे. मग तो दुसरा प्रश्न विचारणार. क्रम त्याच्या हाती. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली आल्टो नावाचा संगणक तयार झाला, त्यावर चौकटी, चित्रे आणि माऊस ही साधने एकत्र आली. पुढे १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आणि १९९० साली मायक्रोसॉफ्टची विंडोज ३.० ही आवृत्ती यांमुळे ही पद्धत सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. आता क्रम माणसाच्या हाती आला. पडद्यावर दहा रकाने आणि पाच बटणे आहेत; माणूस त्यांपैकी कशाला केव्हा हात लावील याचा नेम नाही. तेव्हा आज्ञावलीने दुकानदारासारखे गल्ल्यामागे बसून गिऱ्हाइकाची वाट पाहावयाची, आणि जो येईल त्याचे काम करून पुन्हा वाट पाहत बसावयाचे. या प्रत्येक ‘येण्या’ला घटना असे म्हणतात. बटण दाबले ही एक घटना, रकान्यात आकडा लिहिला ही दुसरी, चौकट बंद केली ही तिसरी. कोणत्या घटनेला कोणते उत्तर द्यावयाचे ते लिहून ठेवणे म्हणजेच आजची टेबलावरची आज्ञावली लिहिणे. नवशिक्याचा गोंधळ येथेच होतो. तो वरपासून खालपर्यंत क्रमाने चालणारी गोष्ट लिहावयास जातो, आणि यंत्र मात्र वाट पाहणारे असते. १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिक या साधनाने ही कल्पना सोपी केली: आधी पडद्यावर बटण मांडावयाचे, मग त्या बटणावर दोनदा टिचकी मारून ‘हे दाबल्यावर काय करावयाचे’ ते लिहावयाचे. त्यामागची मांडणी मुख्यतः ॲलन कूपर यांची. जगभर असंख्य माणसे त्या वाटेने आज्ञावली लिहावयास शिकली.

परंतु साधन सोपे झाले म्हणून विषय सापडतो असे नाही. विषय कोठे सापडतो याचे आपल्याच महाराष्ट्रातील एक चांगले उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांचे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामापासून त्यांनी आरंभ केला व पुढे संगणक दुरुस्तीकडे वळले. १९९३ साली त्यांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही संस्था काढली. धाकटे बंधू संजय काटकर हे त्या वेळी पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणूंनी बिघडलेले संगणक पुष्कळ. प्रत्येक वेळी तेच काम हाताने करावे लागे. संजय यांनी एकेका विषाणूसाठी छोटी छोटी आज्ञावली लिहिली, मग त्या एकत्र केल्या; १९९५ साली त्यातून क्विक हील हे विषाणूरोधक बाजारात आले. पुढे कंपनीचे नावही तेच झाले आणि २०१६ साली तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. लोक या कथेतील यशाचाच भाग सांगतात. मला मात्र तिच्यातील दुरुस्तीचे टेबल महत्त्वाचे वाटते. त्या टेबलावर रोज तेच दुखणे येत होते, आणि ते दुखणे जवळून पाहणारा माणूस व आज्ञावली लिहू शकणारा माणूस एकाच घरात होते.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरच्या सहकारी संस्थांभोवतालच्या सुमारे ७० गावांत १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेजेस’ हा मोठा प्रकल्प सुरू झाला. गावोगाव संगणक-केंद्रे बसली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण, आरोग्य अशी सर्व माहिती त्यांतून मिळावी अशी अपेक्षा होती. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधकांनी पाहणी केली तेव्हा असे आढळले की, शेतकरी ती केंद्रे वापरत होते ते प्रामुख्याने उसाचे वजन, खताची उचल अशा कारखान्याशी असलेल्या नेहमीच्या व्यवहारांसाठी. मग त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी मोबाईलवरील साध्या लघुसंदेशांची व्यवस्था करून पाहिली, आणि ती चालली. त्यांचा हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. प्रकल्प वाईट होता असे मी म्हणणार नाही. परंतु लोक कोणते काम खरोखर करतात हे आधी वहीत पाहिले असते, तर पडद्यावर काय मांडावयाचे ते निराळे ठरले असते.

म्हणून आपणही वहीपासूनच आरंभ करू.

संकलन केंद्राच्या वहीत साधारणपणे हे रकाने असतात: तारीख, सकाळ की सायंकाळ, सभासद क्रमांक, नाव, गाय की म्हैस, लिटर, फॅट, डिग्री, एसएनएफ, दर आणि रक्कम. शिवाय पगाराच्या वेळी पशुखाद्याची कपात, आगाऊ उचल, कोठे भागभांडवल अथवा ठेव. ज्याला आज्ञावली लिहावयाची आहे त्याने निदान चार-पाच दिवस, सकाळ-सायंकाळ, केंद्रचालकाच्या मागे उभे राहून ही वही कशी भरली जाते ते पाहावे. संगणक सोबत नेऊ नये. चालक आधी क्रमांक लिहितो की आधी लिटर, एखाद्याने दुसऱ्याच्या नावावर दूध घातले तर काय करतो, दूध परत पाठवले तर त्याची नोंद होते की नाही, खोडायचे झाल्यास आकड्यावर आडवी रेघ मारतो की वर गिरवतो, हे सारे टिपून घ्यावे. आडव्या रेघेचे महत्त्व तर फार. रेघ मारलेला आकडा वाचता येतो. गिरवलेला येत नाही. चांगल्या आज्ञावलीतही चुकीची नोंद पुसून टाकू नये. ती रद्द झाली असे लिहून ठेवावे आणि नवी नोंद करावी. हा नियम हिशेबनीसांना संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

आता या एका वहीच्या तीन वह्या करावयाच्या. पहिली सभासदांची, दुसरी रोजच्या संकलनाची, तिसरी दरपत्रकाची. असे का? एकाच नावाचे दोन सभासद असतात. बापाचे नाव व आडनावही जुळते, आणि मग ‘धाकटा’ ‘थोरला’ असे कंसात लिहावे लागते. यंत्राला धाकटा-थोरला समजत नाही. सबब सभासदाची ओळख क्रमांकाने ठेवावयाची, नाव पहिल्या वहीत एकदाच लिहावयाचे, आणि रोजच्या नोंदीत फक्त क्रमांक. नावातील चूक दुरुस्त करावयाची झाली तर ती एकाच जागी करावी लागते.

दरपत्रकाच्या बाबतीत मात्र नेमका उलटा विचार करावा लागतो, आणि येथे पुष्कळ नवशिके फसतात. दर तिसऱ्या वहीत आहेच, मग रोजच्या नोंदीत तो पुन्हा कशाला लिहावयाचा, असे त्यांना वाटते. पण दर बदलतो. महिन्याच्या ११ तारखेला नवे दरपत्रक आले आणि तिसऱ्या वहीतील आकडा बदलला, की १ ते १० तारखेच्या जुन्या नोंदींचे बिल पुन्हा काढताच ते नव्या दराने निघते. शेतकऱ्याच्या हातातल्या पावतीत एक रक्कम आणि पडद्यावर दुसरी! म्हणून ज्या क्षणी दूध मापले त्या क्षणी लागू असलेला दर त्या नोंदीबरोबरच कायमचा लिहून ठेवावयाचा. सभासदाचे नाव ही चालू गोष्ट आहे. दिलेला दर ही घडून गेलेली गोष्ट आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा फरक सांगावा लागू नये.

एसएनएफ म्हणजे दुधातील स्निग्धांश वगळून उरलेले घनपदार्थ. जेथे यंत्र नाही तेथे ते लॅक्टोमीटरच्या डिग्रीवरून काढतात. सूत्र असे: डिग्रीला ४ ने भागावे, त्यात फॅटला एका ठरावीक अपूर्णांकाने गुणून मिळवावे, आणि शेवटी एक स्थिर आकडा मिळवावा. परंतु हा अपूर्णांक आणि हा स्थिर आकडा सर्वत्र एक नाही. एका प्रचलित सूत्रात ते ०.२५ आणि ०.४४ आहेत, दुसऱ्यात ०.२१ आणि ०.३६. डिग्री २८ आणि फॅट ३.५ असेल तर पहिल्या सूत्राने एसएनएफ ८.३१५ येते, म्हणजे ८.३, दुसऱ्याने ८.०९५, म्हणजे ८.१. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे प्रमाण धरून दर ठरतो आणि त्याखाली प्रत्येक पॉइंटला कपात होते. समजा, ही कपात पॉइंटमागे ३० पैसे आहे. तर या दोन सूत्रांत लिटरमागे ६० पैशांचा फरक पडला. दिवसाला २० लिटर दूध घालणाऱ्याचे दहा दिवसांत १२० रुपये. दूध तेच, गाय तीच. तेव्हा हे आकडे आज्ञावलीच्या पोटात कोठेतरी गाडून टाकू नयेत. संघाने कोणते सूत्र मान्य केले आहे ते विचारावे, ते आकडे वेगळ्या जागी, चालकाला वाचता येतील असे ठेवावेत, आणि बिलाच्या तळाशी छापावेत. ज्याचे पैसे कापले जातात त्याला कशाने कापले ते कळावे, एवढी अपेक्षा फार नाही.

पैशाविषयी आणखी एक गोष्ट. संगणक आतून दोनच अंकांनी मोजतो. आपल्याला एक तृतीयांश दशांशात लिहावयाचा झाल्यास ०.३३३३ असे लिहीतच राहावे लागते. तसेच त्याला एक दशांश लिहिताना होते. तो कोठेतरी तोडतो, आणि त्याचे ०.१ हे अगदी ०.१ नसते. म्हणून ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३ इतकी आहे काय, असे पुष्कळ संगणकीय भाषांत विचारले तर ‘नाही’ असे उत्तर मिळते. पैशाच्या हिशेबात हे चालणार नाही. उपाय साधा आहे. रक्कम रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्णांकात ठेवावी. लिटरही दशांशाऐवजी दहाव्या भागांच्या संख्येत. ७.३ लिटर आणि दर ३३ रुपये ३५ पैसे असेल तर ७३ ला ३३३५ ने गुणावे, येतात २,४३,४५५. दहाने भागले की २४,३४५.५ पैसे. आता हा अर्धा पैसा वर न्यावयाचा की खाली, हे यंत्राने नव्हे, केंद्राने ठरवावयाचे. पायथॉन या भाषेतील नेहमीची पूर्णांकन-आज्ञा अर्ध्याला जवळच्या सम अंकाकडे नेते: २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. शाळेत आपण असे शिकलेलो नाही. शेतकरी मोबाईलवर बेरीज करून पाहतो. वीस पावत्यांची बेरीज आणि बिलाचा आकडा यांत २० पैशांचे अंतर दिसले, तरी रक्कम गौण ठरते, संशय मात्र राहतो.

इतका वेळ पडद्याविषयी एक अक्षरही आले नाही हे वाचकांच्या लक्षात आले असेल. ते हेतुपुरस्सर आहे. हिशेब निराळा आणि चौकट निराळी ठेवावी, हे तत्त्व नॉर्वेचे ट्रिगवे रेन्सकाउग यांनी झेरॉक्सच्या त्याच केंद्रात असताना १९७९ साली मांडले, आणि आजवर ते टिकून आहे. हिशेबाचा भाग आधी स्वतंत्रपणे लिहावा. त्याला लिटर, फॅट, डिग्री द्यावी आणि त्याने रक्कम सांगावी. वहीतील जुनी दहा-वीस पाने घेऊन त्याचा पडताळा पाहावा. मग चौकट बांधावी. उद्या चौकट बदलली, मोबाईल आला, तरी हिशेब तोच राहतो.

चौकट बांधताना माणसाच्या हाताकडे पाहावे. केंद्रचालकाचे हात ओले असतात, एका हातात माप असते. त्याला माऊस धरावयास लावणे हा अविचार होय. क्रमांक लिहिला, एंटर दाबले, नाव आपोआप दिसले, लिटर, एंटर, फॅट, एंटर, डिग्री, एंटर, पावती. सारे काम की-बोर्डाच्या उजवीकडील आकड्यांच्या कळांवर व्हावे. रकान्यांचा क्रम वहीतल्या क्रमासारखा नव्हे, तर हातांच्या क्रमासारखा असावा; हे दोन क्रम नेहमी एक नसतात. नाव आणि रक्कम एवढ्या मोठ्या अक्षरांत दिसावी की समोर उभ्या असलेल्या म्हातारीलाही ती वाचता यावी.

मग भाषेचा प्रश्न येतो. तयार आज्ञावलींतील सूचना वाचल्या म्हणजे त्या माणसाशी बोलताहेत की यंत्राशी, असा प्रश्न पडतो. ‘अवैध निविष्टी’ असे शुद्ध मराठी लिहून तरी काय साधते? चालकाने ३.५ ऐवजी ३५ लिहिले असेल तर ‘फॅट ३५ लिहिले आहे, ३.५ म्हणावयाचे आहे काय?’ असे विचारावे. आणि विचारावेच, सरसकट अडवू नये. गाईला जे फॅट अशक्य वाटते ते म्हशीच्या दुधाला नेहमीचे असते, आणि एखादे दिवशी खरोखरच विचित्र आकडा येतो. ‘सेव्ह’ लिहावे की ‘नोंद करा’? मला वाटते, जो शब्द केंद्रावर बोलला जातो तो लिहावा. ‘पगार’ हा शब्द तेथे रूढ आहे. त्याच्या जागी ‘देयक’ घालून काहीच मिळत नाही. अशी वाक्ये लिहिणे हे आज्ञावलीतील दुय्यम काम समजले जाते. ते दुय्यम नाही.

मराठी अक्षरांचा संगणकातील प्रवासही विद्यार्थ्याने जाणून घ्यावा. कळांची इनस्क्रिप्ट ही मांडणी १९८६ साली ठरली; भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही सांकेतिक पद्धती १९९१ साली भारतीय मानक झाली. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने तिचा प्रसार केला. तरीही छापखान्यांतून अनेक वर्षे निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट चालले, ज्यांत आत इंग्रजी अक्षरांचे संकेत आणि वर मराठी अक्षरांचे रूप असा प्रकार होता. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकात नसेल तर सारा मजकूर इंग्रजी अक्षरांचा काला दिसे. जुन्या वार्षिकांकांच्या फाईली ज्यांनी उघडून पाहिल्या असतील त्यांना हे सांगणे नको. युनिकोड पद्धतीने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि हा घोळ मिटला. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा देवनागरी फॉन्ट रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखला. ते सुलेखनकार, कवी आणि मुंबईच्या आय.आय.टी.त अध्यापक होते.

तथापि सर्वच अडचणी मिटलेल्या नाहीत. सभासदांची यादी आडनावाप्रमाणे लावण्यास सांगितली तर यंत्र युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे लावते. तेथे ‘ळ’ हे ‘ल’च्या लगेच नंतर आहे, आपल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना तर स्वतंत्र क्रमांकच नाहीत. त्यामुळे क्षीरसागर हे आडनाव यादीच्या शेवटी न येता ‘क’च्या गटात जाऊन बसते. कोणता क्रम हवा ते ठरवून आज्ञावलीला तसे सांगावे लागते. दुसरे असे की ‘क्षेत्र’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरी दिसतो, यंत्राच्या हिशेबी तो सात संकेतांचा आहे. पावतीवर नावाची पहिली वीसच अक्षरे छापा असे सांगितले, तर ते एखादे जोडाक्षर मध्येच तोडते आणि पाय मोडलेले अर्धे नाव छापून देते. ही दुरुस्ती मराठी न जाणणारा माणूस करू शकेल, पण ती करावयास हवी हे त्याच्या ध्यानी येणार नाही.

साधनांविषयी थोडक्यात. पायथॉन ही भाषा, तिच्याबरोबर मिळणारे टीकिंटर हे चौकटी बांधण्याचे साहित्य, आणि माहिती साठवण्यासाठी एसक्यूलाइट, एवढे आरंभाला पुरते. तिन्हीला पैसे पडत नाहीत. एसक्यूलाइट हे रिचर्ड हिप यांनी २००० साली सिद्ध केले. त्यात सर्व वह्या एकाच फाईलमध्ये राहतात, आणि नोंद चालू असताना वीज गेली तर ती नोंद एकतर पूर्ण होते किंवा अजिबात होत नाही. अर्धवट राहत नाही. आपल्याकडील विजेचा विचार करता हा गुण सोन्यासारखा आहे. कोणी सी-शार्पने आरंभ करील, कोणी लाझारसने. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र एक साधन घेतले की निदान वर्षभर ते बदलू नये. पहिला महिना हिशेबाचा, दुसरा वह्यांचा, तिसरा चौकटीचा, एवढा वेळ द्यावा. पंधरा दिवसांत शिकवू म्हणणाऱ्या जाहिराती पुष्कळ असतात. पंधरा दिवसांत बटण मांडता येते, हे खरे.

फाईलची एक प्रत रोज सायंकाळी पेन-ड्राइव्हवर घ्यावी आणि ती संगणकाच्याच खणात न ठेवता चालकाच्या घरी ठेवावी. उंदीर, पाणी आणि विजेचा झटका एकाच खोलीत येतात.

आज्ञावली पूर्ण झाली असे वाटले तरी वही लगेच बंद करू नये. पगाराचा एक संपूर्ण हप्ता, म्हणजे दहा दिवस, वही आणि संगणक दोन्ही चालवावेत. दोहोंचे बिल जुळले नाही तर प्रथमदर्शनी वही बरोबर आहे असे धरून चालावे, कारण तिच्यावर गावाचे पैसे आजवर वाटले गेले आहेत. दोन्ही याद्या शेजारी ठेवून चालकाबरोबर बसावे, पहिल्या दिवसापासून एकेक नोंद मोठ्याने वाचावी, आणि ज्या ओळीपासून बेरीज फुटते तेथे थांबावे. बहुधा ती ओळ कोणीतरी सायंकाळचे दूध सकाळच्या खात्यावर लिहिल्याची, गाईच्या जागी म्हैस झाल्याची, किंवा मापात उरलेले अर्धा लिटर चालकाने तोंडी हिशेबात धरल्याची निघते. ती तोंडी गोष्ट आपल्या टिपणवहीत नसते. मग ती लिहून घ्यावयाची, आणि पुढच्या दहा दिवसांसाठी वही पुन्हा उघडी ठेवावयाची.